काही बेटे मरत नाहीत

लिहिलेली गोष्ट पुरी झाली हे कशावरून ओळखायचे? हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो कुठल्या चर्चासत्रात नव्हे, तर एक शिवणयंत्र आणि एक जुना संगणक यांच्या मधल्या हातभर जागेत. विचारणारीच्या हातात त्या वेळी चुरगळलेल्या कागदांचा गठ्ठा होता आणि डोळ्यांत पाणी. हे टिपण लिहिणाऱ्याला त्याचे उत्तर तेव्हा देता आले नसते, आजही देता येत नाही. तेव्हा उत्तराचा नाद सोडून, प्रश्न ज्या घरात पडला त्या घराची आणि जिच्यामुळे पडला त्या मुलीची हकीकत सांगणे, एवढेच हाती उरते.

त्या मुलीला घरात चुळबुळ म्हणत. नाव आईने ठेवलेले, आणि ते इतके चपखल बसले होते की कॉलेजात गेल्यावर वर्गानेही आठवडाभरात, कुणी न सांगता, तेच शोधून काढले. दुकानातून घेतलेले तयार कपडे माणसाच्या अंगासारखे करून देणे हा आईचा धंदा. तिने टाचण्या लावून ठेवलेला कोट दिसला की लेकीचे हात शिवशिवत. टाचणी काढायची, बोटभर वर लावायची, मान तिरकी करून बघायचे.

“इथे जास्त छान दिसतं, आई.”

“अगं, तो माणसाला बसायला हवा, तुला दिसायला नको!” आई ओरडे, आणि टाचणी पुन्हा जागच्या जागी नेऊन लावी.

हे वाक्य आईने आयुष्यात किती वेळा म्हटले असेल याची गणती नाही. मुलीच्या कानात ते शिरले, पण डोक्यापर्यंत पोहोचायला बरीच वर्षे लागली.

रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत काम करणारे तंत्रज्ञ तयार करणाऱ्या अभ्यासक्रमाला तिने प्रवेश घेतला तेव्हा त्या कॉलेजात एक चमत्कारिक प्रकार चालू होता. सूक्ष्मजीवशास्त्राचे नेमलेले पुस्तक परक्या भाषेतले, विटेएवढे जाड. ग्रंथालयात त्याच्या मोजक्या प्रती, आणि त्यांतल्याही बहुतेकींतले नेमके परीक्षेला येणारे प्रकरण कुणीतरी पात्याने अलगद कापून नेलेले. विषय शिकवणाऱ्या बाई या रडगाण्याला कंटाळल्या होत्या. आदल्या वर्षी त्यांनी वर्गाला सांगितले होते, “पुस्तक नाही म्हणून हात चोळत बसण्यापेक्षा लिहायला घ्या. तुम्हीच.” मग इंटरनेटवर एक मोकळी जागा तयार झाली. एकेका विषयाला एकेक पान. अभ्यासक्रमातल्या कुठल्याही विद्यार्थ्याने कुठलेही पान उघडावे, लिहावे, दुसऱ्याचे खोडावे, आपले घालावे. झालेला प्रत्येक बदल, तो कुणी केला आणि का केला यासह, ‘इतिहास’ नावाच्या एका कोपऱ्यात साठत जाई. सत्र संपताना बाई पुस्तकाला कुलूप घालत. त्याला त्यांचा शब्द होता गोठवणे. गोठवलेल्या पुस्तकावरूनच परीक्षेचा पेपर निघे.

“गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात,” बाई पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या. “पुस्तकाचंही तसंच समजा. पुढच्या वर्षी पुन्हा वितळणार आहे ते.”

चुळबुळीच्या दृष्टीने हा स्वर्गच होता. ज्यात टाचण्या कायमच्या काढता-घालता येतात, आणि कुणी ओरडत नाही, असा कोट. सुरुवात तिने स्वल्पविरामांपासून केली. मग शब्द, मग वाक्ये, मग परिच्छेद. सकाळी आंघोळीच्या आधी, दुपारी प्रात्यक्षिकांच्या मधल्या वेळेत, संगणक-कक्षाच्या शिपायाने दिवे विझवायला घेतले तरी, ती काहीतरी बदलत असे. बदलाचे कारण लिहिण्याच्या चौकटीत तिचा एक ठरलेला शेरा होता : ‘भाषा सुधारली’. ती कामाची होती, हे वर्गही मान्य करी. तिच्यामुळे पाने वाचण्यासारखी झाली होती. पण पुस्तकातल्या आकृत्या काढणारा एक मुलगा होता, ज्याला सगळे आकृतीवाला म्हणत, तो एकदा वैतागून म्हणाला, “ए चुळबुळ, मी काढलेल्या जंतूला शेपटी होती. कुठे गेली?”

“लांब वाटत होती रे.”

“लांबच असते ती! तिच्यानंच तो पोहतो! आता काय बुडू दे त्याला?”

ती हसली आणि शेपटी परत लावली. पण किंचित आखूड.

हे सगळे हसण्यावारी गेले असते, जर त्याच घरात ताई नसती.

ताई म्हणजे तिची मावसबहीण, दोन वर्षांनी मोठी. आईवडील गेल्यापासून मावशीकडे राहणारी. त्याच अभ्यासक्रमाला ती एक वर्ष आधी बसली होती आणि याच एका विषयात आपटली होती. आता तिला शेवटची संधी होती. या वेळी घसरली तर कॉलेजच्या नियमाने तिचे नाव कमी होणार होते. तसे झाले तर पुढे काय, हे तिच्या सख्ख्या भावाने आधीच ठरवून टाकले होते. “नाही झालं तर ये आमच्याकडे,” दादा दर फोनला म्हणे. “पोरांना सांभाळायला माणूस हवंच आहे.” यातली माया खरी होती, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येत नसे.

ताईची अभ्यासाची पद्धत एकच : पाठांतर. पडद्यावर वाचले की तिचे डोके दुखे. म्हणून ती पाने छापून आणी आणि खोलीच्या दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत पाठ करी. मावशीचे शिवणयंत्र चाललेले असले तर त्याच्या तालावर. वर्ग तिला घोकताई म्हणे. तिला ते ठाऊक होते आणि तिने ते मनाला लावून घेतले नव्हते. पण एका संध्याकाळी ती कागदांचा गठ्ठा घेऊन संगणकाशी आली, आणि तिचा चेहरा उतरलेला होता.

“काल इथे ‘म्हणून’ होतं.”

“‘त्यामुळे’ केलं. बरं वाटतं ना?”

“कुणाला?”

“वाचायला.”

“मी वाचत नाही गं, मी पाठ करते! ‘म्हणून’ म्हटलं की माझं पाऊल बरोबर खिडकीपाशी पडतं. ‘त्यामुळे’ म्हटलं की मी भिंतीवर आदळते!”

मावशीने यंत्राचे चाक धरून थांबवले आणि तोंडाला पदर लावला. चुळबुळीलाही हसू फुटले. ताईच्या डोळ्यांत मात्र पाणी आले.

“परवा एक, काल दुसरं, आज तिसरं. मला एवढंच सांग, हे पुरं कधी होतं? झालं, आता हात लावायचा नाही, हे तुला कळतं कसं?”

  चुळबुळीने उत्तराऐवजी वचन दिले : सगळ्या पुस्तकाचे नाही, ते तिच्याच्याने झाले नसते, पण एका पानाचे. ‘उष्णता आणि जंतू’ हे पान. त्यावरचा प्रश्न पेपरात येतोच आणि त्याला गुणही भरपूर, असे बाईंनी सुचवले होते. त्या पानाला परीक्षेपर्यंत बोट लावणार नाही, असे तिने आईच्या कात्रीवर हात ठेवून सांगितले. ताईने तिथेच ते पान छापून घेतले, वर्गातल्या निम्म्याजणांनी ताईकडून झेरॉक्स काढल्या, आणि काही आठवडे घरात शांतता नांदली.

घोडे अडले ते प्रयोगशाळेत.

प्रात्यक्षिक साधे होते. नळाचे पाणी घ्यायचे, अर्धे तसेच ठेवायचे, अर्धे उकळायचे. दोन्हींतला एकेक थेंब, जंतूंना पोसणारी आगर नावाची खळ घातलेल्या काचेच्या बशीत पसरायचा. बश्या उबदार पेटीत ठेवून दुसऱ्या दिवशी बघायच्या. पहिल्या बशीत जंतूंचे ठिपके उगवतात, दुसरी कोरी राहते. वर्षानुवर्षे विद्यार्थी हेच बघत आले होते. पण नळाचे पाणी हे चुळबुळीला फारच सरळ वाटले. व्हरांड्यातल्या कुंडीच्या ताटलीत साचलेले गढूळ पाणी तिने घेतले, बर्नरवर धरून नीट खळखळ उकळले, आणि बशी पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी कच्च्या पाण्याच्या बशीत गर्दी होती, ती अपेक्षितच. उकळलेल्या पाण्याच्या बशीतही मूठभर ठिपके होते. कोरडे, करडे, सुरकुतलेले, हट्टी म्हाताऱ्यांसारखे एकेकटे बसलेले.

“हात धुतले होतेस का?” आकृतीवाला तिच्या खांद्यावरून डोकावला.

“दोनदा.”

“मग बशीत बोट घातलं असशील. तुला राहवतंय कुठे!”

तिने प्रयोग पुन्हा केला, या वेळी श्वास रोखून, हात अंगाशी आवळून. पुन्हा तेच म्हातारे. ती बशी घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बशी उजेडात धरली.

“छान वाढलेत.”

“पण बाई, पाणी उकळलेलं होतं.”

“दिसतंय ना.”

“मग हे मेले कसे नाहीत?”

“पान काय म्हणतं?”

“पान म्हणतं, पुरेसा वेळ उकळल्यास पाणी निर्जंतुक होते.”

“आणि पान कुणाचं आहे?” असे म्हणून बाई पलीकडच्या टेबलाकडे वळल्या. त्यांची ही खोड सगळ्या वर्गाला ठाऊक होती : प्रश्न विचारला की त्याला शेपूट लावून परत करायचा.

ग्रंथालयातल्या एका जाड प्रतीत ते प्रकरण कसेबसे शिल्लक होते. परक्या भाषेतून एकेक शब्द उकलत तिने ते वाचले आणि तिचे कान तापले. काही जंतू परिस्थिती बिघडली की स्वतःभोवती कठीण कवच करतात आणि निपचित पडून राहतात. त्या अवस्थेत त्यांना बीजाणू म्हणतात. साध्या उकळीला ते दाद देत नाहीत. त्यांना मारायला दाबाखालची वाफ लागते. घरातला कुकर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावरचा, ऑटोक्लेव्ह नावाचा मोठा डबा लागतो. घरात आपण उकळलेल्या पाण्याला निर्जंतुक म्हणतो ते ‘प्यायला चालेल’ या अर्थाने. प्रयोगशाळेत निर्जंतुक म्हणजे ज्यात जिवंत असे काहीही उरलेले नाही ते. शब्द एकच, पण घरातला अर्थ तिने प्रयोगशाळेला चढवला होता. दिसत छान होता. बसत नव्हता.

हे तिला कळले तेव्हा पुस्तक गोठवायला दोनच दिवस उरले होते. आणि पान होते नेमके ते, ज्याला बोट लावणार नाही असे तिने कात्रीवर हात ठेवून सांगितले होते.

ते दोन दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. जिने चढताना ती मध्येच थांबे आणि पुन्हा उतरू लागे. वर्गात वहीच्या कोपऱ्यांच्या सुरळ्या करून करून तिने वहीचा पंखा केला. चूक ठेवावी, तर उद्या यांतलेच कुणी एखाद्या रुग्णालयात चिमटे नुसते उकळून शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठेवणार, आणि पुस्तकात तसे आहे म्हणून सांगणार. सुधारावी, तर परीक्षेत त्या गोठवलेल्या पानाप्रमाणे गुण मिळणार, आणि जुने वाक्य दार-खिडकी-दार करत हाडीमाशी मुरवलेली ताई सगळ्यात आधी बुडणार. ताईचे डोके घाबरले की गोंधळते, हे घरात सगळ्यांना माहीत होते. एकदा बसवलेले वाक्य ऐन परीक्षेच्या तोंडावर उपटून नवे लावणे तिला जमण्यातले नव्हते.

तिने मधला मार्ग शोधला. वचन मोडल्यासारखे होऊ नये आणि खोटेही राहू नये म्हणून तिने पानात एकच शब्द सरकवला : ‘पाणी बहुतांशी निर्जंतुक होते.’ दुपारपर्यंत आकृतीवाल्याने तो पकडला.

“बहुतांशी निर्जंतुक म्हणजे काय गं? बहुतांशी मेलेला माणूस असतो का?”

“हळू बोल.”

“आणि तू बहुतांशी प्रामाणिक आहेस का?”

त्याने हे थट्टेने म्हटले होते. ती मात्र चपापली, संगणक-कक्षात गेली आणि शब्द काढून टाकला. वाक्य पुन्हा पहिल्यासारखे गुळगुळीत, सुबक आणि चुकीचे झाले.

त्या संध्याकाळी ती घरी येऊन संगणकासमोर बसली ती हललीच नाही. हात मांडीवर, नजर भिंतीवर. आईने यंत्र थांबवून तिच्या कपाळाला हात लावला.

“ताप आहे का गं?”

“नाही.”

“मग अशी काय बसलीस, फोटोतल्यासारखी?”

ताई येरझारा थांबवून बघत होती. “मावशी, हिला ताप नाही. हिनं काहीतरी केलंय. ही स्वस्थ बसली की समजायचं.” ती जवळ आली. “बोल. कुठल्या पानाला हात लावलास?”

“लावला नाही. लावायला हवाय.”

आणि मग तिने सगळे सांगितले : कुंडीतले पाणी, करडे ठिपके, जाड पुस्तक, बीजाणू, सगळेच. ताईने शांतपणे ऐकून घेतले. नंतर हातातला गठ्ठा शिवणयंत्रावर आपटला.

“परीक्षेनंतर बदल ना! एक आठवडा! एवढा एक आठवडा ते जंतू मेले आहेत असं धरलं तर जगाचं काय बिघडतं?”

“गोठलं की वर्षभर हलत नाही, ताई. पुढची सगळी मुलं तेच—”

“पुढची मुलं! आणि मी कोण? मी मागची का? तुझं सगळं सुबक व्हायला हवं, आणि त्यात मी कुठे आदळते ते तुला दिसत नाही. माहीत आहे, गेल्या वर्षी मी का नापास झाले? तेव्हा तू नव्हतीस, दुसरी हौशी मंडळी होती. मी पाठ करायची आणि पान बदलायचं. कुणी सांगायचं नाही, काही नाही. मला वाटायला लागलं, माझंच डोकं फिरलंय. मी पाठ केलेलं कधी लिहिलेलंच नव्हतं, असं वाटायचं. परीक्षेत एका उत्तरात तीन पानं मिसळली माझी.” तिने गठ्ठ्यावर बोट आपटले. “आणि या पानाचं तर विचारूच नकोस. यातलं जुनं विसरून तुझं नवं बसवायलाच माझे पंधरा दिवस गेले.”

“कुठलं जुनं?”

“तू यायच्या आधीचं.”

“त्यात काय होतं?”

ताईने डोळे मिटले. खोलीच्या मधोमध उभ्या-उभ्याच तिचे पाय किंचित हलले, जणू ती दाराकडून निघाली होती. मग ती एका सुरात म्हणाली, “पाणी उकळल्याने बरेचसे जंतू मरतात पण काही बेटे मरत नाहीत, ते कवच करून बसतात आणि गार झाले की पुन्हा उठतात म्हणून उकळलेले पाणी प्यायला चालते पण निर्जंतुक म्हणायचे नाही.”

यंत्राच्या दिव्याखाली धूळ तरंगत होती. 

“हे कुणी लिहिलं होतं?” चुळबुळीने विचारले, पण उत्तर तिला बहुधा कळले होते.

“मीच. बाई वर्गात बोलल्या तसं. ‘बेटे’ त्यांचाच शब्द.” ताईने डोळे उघडले. “तू ते काढलंस. मला वाटलं, तू हुशार आहेस, काहीतरी चुकलं असेल माझं.”

चुळबुळीने ‘इतिहास’ उघडला. तिथे कुणी फिरकत नसे. बदलांची उतरंड इतकी उंच होती की तिच्यात उतरायला धीर लागे, आणि उतरंडीतली बहुतेक मडकी तिचीच. बऱ्याच खाली ते वाक्य सापडले. लांबलचक, विरामचिन्हांविना, धापा टाकत चाललेले, आणि अक्षर न् अक्षर खरे. त्याच्या लगेच वरती तिचा बदल. तिला आता आठवले. पाठ्यपुस्तकात ‘बेटे’ कसला शब्द, म्हणून तिने तो उडवला होता. ‘बेटे’ गेल्यावर ‘कवच करून बसतात’ला कर्ता उरला नाही, म्हणून तेही गेले. मग ‘पुन्हा उठतात’ लोंबकळू लागले, म्हणून तेही, आणि शेवटी ‘निर्जंतुक म्हणायचे नाही’ला कारणच उरले नाही, म्हणून त्यातले ‘नाही’ही. उरले ते सहा शब्दांचे देखणे वाक्य. बाजूला कारण नोंदलेले होते : ‘भाषा सुधारली’.

“आता काय करू?” ती म्हणाली. तिने ताईला असे काही विचारण्याची ही पहिलीच वेळ असावी.

 दादाच्या घरातली मुले ताईच्या डोळ्यांसमोर येऊन गेली असतील, किंवा चिमट्यांचे ताट.  शेवटी तिने गठ्ठा उचलला.

“बदल. पण पुसू नकोस. काट मार.”

“म्हणजे?”

“पेपरात चुकलं की आपण काय करतो? आडवी रेघ मारतो, खालचं दिसतं. तसं. तुझं वाक्य राहू दे, त्यावर रेघ असू दे, आणि शेजारी लिही की आधी असं लिहिलेलं होतं आणि ते चूक होतं. पुसलंस तर ज्यांनी ते पाठ केलंय त्यांना वाटेल आपलंच डोकं फिरलं.” ती खिडकीकडे वळली. “मला माहीत आहे ते कसं वाटतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चुळबुळ वर्गात फळ्यासमोर उभी राहिली आणि आपले वाक्य चूक असल्याचे, त्यावर काट मारून शेजारी ताईचे वाक्य परत लावल्याचे तिने सांगितले. वर्गाने तिला सोडले नाही. “आत्ता आठवलं होय?” “आमच्या झेरॉक्सचं काय करू, होडी करून पाण्यात सोडू?” “उकळलेल्या पाण्यात सोड, निर्जंतुक होईल!” तिने सगळे ऐकून घेतले. ‘बेटे’ हा शब्द पुस्तकात शोभत नाही, असेही एकजण म्हणाला. त्यावर ती पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाली, “तो शब्द काढला म्हणूनच तर जंतू निसटले.” आकृतीवाल्याने दुपारी पानावर एक नवी आकृती घातली : गाठोड्यासारखा गुरफटलेला जंतू, एक डोळा किलकिला. खाली बारीक अक्षरांत ‘बेटा’. शास्त्रीयदृष्ट्या डोळ्याला आधार नव्हता. बाईंनी तो पाहिला आणि तसेच पुस्तक गोठवले.

परीक्षेच्या दिवशी प्रश्न आलाच. ‘उकळलेले पाणी निर्जंतुक असते काय? सकारण लिहा.’ चुळबुळीने तो वाचला आणि तिचे लक्ष स्वतःच्या पेपरावरून उडाले. दोन रांगा पुढे ताईची पाठ दिसत होती. ताईचे पाय बाकाखाली हलत होते. दार, खिडकी, दार. मध्येच ते थांबले. फार वेळ थांबले. मग पुन्हा हलू लागले.

बाहेर पडल्यावर चुळबुळीने तिला जिन्यातच गाठले.

“कुठलं लिहिलंस?”

“दोन्ही.”

“दोन्ही?”

“आधी एक लिहिलं. मग वाटलं, दुसरं. मग दुसरं लिहिलं. मग एकावर काट मारली.”

“कुठल्यावर?”

ताईने कपाळावरचा घाम पुसला. “आठवत नाही गं. पाठ केलेलं आठवतं, काट मारलेली कशी आठवेल?”

निकाल लागेपर्यंतचे आठवडे त्या घराने टाचण्यांवर काढले. चुळबुळ दिवसातून दहादा विचारी, “रेघ मारताना वरच्या ओळीवर हात होता की खालच्या?” आणि ताई दर वेळी वेगळे सांगे, कारण विचारून विचारून तिलाही आता काही खरे वाटेनासे झाले होते. आई म्हणाली, “अगं, तिला सुखानं जेवू तरी दे. उसवून उसवून कापड फाटेल.” चुळबुळ ताटाशेजारी बोटाने आडव्या रेघा ओढी. दादाचा फोन आला की ताई लगबगीने दुसऱ्या खोलीत जाई आणि दार लावून घेई.

निकालाच्या सकाळी दोघी एकत्रच कॉलेजात गेल्या. ताई उत्तीर्ण झाली होती. जेमतेम, पण झाली होती. बाईंनी तिला उत्तरपत्रिका बघू दिली. काट सुबक वाक्यावर होती. ती इतकी हलकी, इतकी अनिश्चित होती की मध्येच तुटली होती, पण ती त्याच वाक्यावर होती. शेजारी समासात ताईच्याच अक्षरात दोन शब्द होते, जे लिहिल्याचे तिला मुळीच आठवत नव्हते : ‘आधीचे चूक’.

“आता तरी स्वस्थ बसशील?” परतताना ताईने विचारले.

“रेघ जरा सरळ मारायला हवी होतीस,” चुळबुळ म्हणाली. ताईने कागदांचा गठ्ठा तिच्या डोक्यात हाणला.

पुढे ताई एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागली. ऑटोक्लेव्हचे काम तिच्याकडेच असते, आणि डबा उघडण्याआधी ती अजून पुटपुटते म्हणतात. चुळबुळ शिकून त्याच कॉलेजात शिकवू लागली. काट मारून ठेवण्याची रीत पुस्तकाच्या बाकीच्या पानांवरही पसरली. चुकलेली वाक्ये आडव्या रेघेखाली दिसत राहिली, आणि नवे विद्यार्थी खऱ्या वाक्यांच्या आधी तीच वाचू लागले.

२०२२ साली ते पुस्तक पुन्हा गोठवण्यात आले. ‘उष्णता आणि जंतू’ या पानावर त्या संपूर्ण वर्षात एकच बदल झाला : एक स्वल्पविराम काढण्यात आला. कारणाच्या चौकटीत शेरा होता : ‘भाषा सुधारली’.